दुसरी सही

बसमध्ये चढण्याआधी आमचे सर बसभोवती एक फेरी मारायचे. पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात, मग मागची जोडचाकं, मागची काच, उजवी बाजू आणि पुन्हा दाराशी. हातात पिशवी, काखेत छत्री. प्रत्येक चाकाला बुटाच्या टोकानं एकदा टोचायचं आणि खाली वाकून तेल गळतंय का बघायचं. बेळगावच्या स्टँडवरून मच्छेकडं जाणाऱ्या सकाळच्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना ओळखत होते. एक कंडक्टर तर लांबूनच "या सर, या" असं कानडीत ओरडायचा, "बर्री सर, बर्री! विमान रेडी ऐती!"

लोक हसायचे. सर हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत. फेरी पुरी करून चढायचे आणि त्याला सांगायचे, "मागचा दिवा फुटलाय. लिहून ठेव."

"लिवतो की सर," तो म्हणायचा आणि लिहायचा नाही. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा तेच सांगायचे.

पहिल्या वर्षी मीही त्याच गाडीनं जायचो. सर फेरी मारत असले की मी त्यांना ओळखत नसल्यासारखा दुसरीकडं बघत बसायचो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यातही माझं न बघणंच आहे.

आमची संस्था मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये होती. विमानांची देखभाल कशी करायची हे तिथं शिकवत. शेडच्या मधोमध दोन इंजिनांचं एक छोटं विमान उभं होतं. कधीकाळी ते सहा-सात माणसं घेऊन उडायचं म्हणे. आमच्या वेळेपर्यंत त्याचे टायर सुकले होते, पंखांखाली लाकडी ठोकळे दिले होते आणि रंगाचे पोपडे निघत होते. आम्ही त्याला म्हातारी म्हणायचो. सगळी प्रात्यक्षिकं तिच्यावरच व्हायची. तिचे स्क्रू इतक्या मुलांनी इतक्या वेळा काढले-बसवले होते की काहींचे आटे पार गेले होते.

सर मूळचे कंग्राळीचे. तरुणपणी फौजेत विमानांवर काम केलेलं, नंतर एका विमान कंपनीत. ती नोकरी त्यांनी का सोडली याची एक गोष्ट मुलांमध्ये चालत आलेली होती. एका जुन्या विमानाच्या तपासणीवर त्यांनी सही करायला नकार दिला, प्रवासी तासन्‌तास विमानतळावर खोळंबले, शेवटी दुसऱ्या कुणीतरी सही केली आणि विमान सुखरूप गेलं. खरं-खोटं माहीत नाही. आमच्या वर्गातल्या रेश्मानं एकदा धीर करून विचारलं होतं. रेश्मा खानापूरकडची, तिला कुणाला काही विचारायची भीती नसायची.

"सर, ते विमान नीट पोचलं म्हणतात. मग तुमचं चुकलं म्हणायचं का?"

"पोचलं म्हणजे पोचलं एवढंच," सर म्हणाले. "नीट होतं का, ते कुणी बघितलं न्हाई."

मग सगळ्या वर्गाकडं वळून म्हणाले, "विमान म्हातारं असणं हा गुन्हा न्हाई रं. म्हाताऱ्याला तरण्यागत वागवणं हा गुन्हा."

म्हातारपण म्हणजे काय ते त्यांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याची एकेक पट्टी प्रत्येकाच्या हातात दिली आणि सांगितलं, वाकवा, सरळ करा, मोजा. सगळ्यांच्या पट्ट्या एकाच डब्यातल्या. तरी कुणाची अठराव्या वेळी तुटली, कुणाची एकविसाव्या. माझी चौदाव्याला. तुटायच्या आधी पट्टीवर काही दिसलं का, असं त्यांनी एकेकाला विचारलं. कुणालाच काही दिसलं नव्हतं. विमान वर गेलं की त्याच्यात हवा भरते, खाली आलं की उतरते, पत्रा प्रत्येक वेळी असा थोडा वाकतो, असं ते म्हणाले. त्यामुळं विमानाचं वय वर्षांत मोजायचं नाही, किती वेळा वर-खाली झालं त्यात मोजायचं. आणि जिथं आपल्याला काही दिसत नाही तिथं आरसा घालायचा, बत्ती घालायची, बोट घालायचं.

माझ्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. वडगावात आमचे दोन यंत्रमाग आहेत, आप्पा साड्या विणतात. मी विमानाचं शिकतोय म्हटल्यावर गल्लीतली माणसं मला पायलट म्हणायला लागली. विमान दुरुस्त करणारा वेगळा आणि चालवणारा वेगळा, हे मी आईला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं नाही.

सर एकदा आमच्या घरी आले होते. मला ताप आला होता म्हणून चार दिवस गेलो नव्हतो, तर चौकशीला आले. माझ्या कपाळाला हात लावला आणि लगेच मागाकडं वळले. मागाभोवती फेरी मारली. आडवा धागा तुटला की आमचा माग आपोआप थांबतो. त्यासाठी एक लहानसा काटा असतो, त्याला धागा लागला नाही की तो खटका पाडतो. सरांनी आप्पांना पुन्हा पुन्हा धागा तोडायला लावला आणि माग थांबताना बघितला. लहान मुलासारखे खूश झाले.

"हे यंत्र माझ्या वर्गापेक्षा शहाणं आहे," ते म्हणाले.

आप्पाही खुलले. "शाणं हाय, पर लई कटकटं हाय सर. सारखं थांबाय लागलं की माल कवा व्हायचा? मग आम्ही काट्याला दोरी बांधतो. चालू ऱ्हातंय बिनतक्रार."

सरांनी उरलेला चहा तसाच ठेवला. ते गेल्यावर आप्पांनी मला विचारलं, "मी काय वाईट बोललो काय रं?"

आता एका गोटीचं सांगतो.

शेडच्या भिंतीवर हत्यारांचा एक मोठा फळा होता. प्रत्येक हत्यारामागं त्याच आकाराची लाल रंगाची सावली रंगवलेली होती. हत्यार काढलं की लाल सावली दिसायची. त्यामुळं संध्याकाळी लांबूनच कळायचं की काय परत आलेलं नाही. तरीही सर रोज मोजायचे, मोठ्यानं. आम्ही ओळीत उभे राहायचो आणि देवळातल्या आरतीसारखे आकडे म्हणायचो. प्रत्येक हत्यारावर सरांनी स्वतः नंबर कोरलेला होता.

तिसऱ्या वर्षी एका शनिवारी मी म्हातारीच्या इंजिनावर आणि नंतर शेपटीच्या झाकणावर काम करत होतो. शेवटी बघितलं तर दहा नंबरची गोटी नव्हती. गोटी म्हणजे नट फिरवायच्या पान्याच्या टोकाला लावायची वाटी, अंगठ्याएवढी; दहा हे तिचं माप. त्या दिवशी सर लवकर गेले होते आणि मोजणी माझ्याकडं होती. मी सगळीकडं शोधलं. मग फळ्याच्या वहीत 'पूर्ण' असं लिहिलं, रविवारी खडेबाजारात जाऊन तशीच नवी गोटी आणली आणि सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन लाल सावलीवर लावली.

खरं सांगतो, मला तेव्हा हे प्रामाणिकपणाचं वाटलं होतं. आमच्याकडं मागाचा धोटा हरवला तर ज्याच्या हातून हरवला तो नवीन आणून देतो, विषय संपतो. मी तर कुणी विचारायच्या आधी आणली होती.

सरांनी सोमवारी मोजताना ती गोटी काढली, नाकाजवळ नेली, बोटानं फिरवली. तिच्यावर सरांनी कोरलेला नंबर नव्हता.

"ही कुणाची?"

मी पुढं झालो. सगळं सांगितलं. नवीन आणली हेही सांगितलं, थोडं अभिमानानंच.

"जुनी कुठाय?"

"हरवली सर."

"हरवली म्हणजे या जगात न्हाई असं न्हाई. ती कुठंतरी आहे. कुठाय?"

मी म्हातारीकडं बघितलं.

"फळा भरला, मोजणी जमली, वही बरोबर आली," सर अगदी सावकाश म्हणाले. "आणि गोटी विमानात. यापेक्षा फळा रिकामा दिसला असता तर बरं झालं असतं. निदान कुणीतरी थांबलं असतं."

त्यांनी काम थांबवलं. म्हातारी पूर्ण उघडून गोटी शोधायची आणि तोवर कुणाच्याही प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही नाही. त्या वहीशिवाय शुक्रवारच्या मुलाखतीला बसता येत नव्हतं. बेंगळुरूची एक कंपनी येणार होती, विमानांच्या देखभालीचं काम करणारी. माझ्यासाठी ती मुलाखत म्हणजे सगळंच होतं. पण आता ती सगळ्या वर्गाचीच माझ्यामुळं अडकली होती.

संस्थेचे संचालक शेडमध्ये आले. "सर, हे विमान काय उडणार आहे का? कोंबड्या बसवायच्या लायकीचं आहे."

"साहेब, उडणाऱ्या विमानावर शिकवायची सोय तुम्ही केली न्हाई," सर म्हणाले. "मग मी हेच उडतंय असं धरतो."

तीन दिवस आम्ही म्हातारी उघडली. जमिनीवरचे पत्रे, सीटा, इंजिनाची झाकणं. रेश्मा स्क्रू काढता काढता म्हणायची, "गोटी तुझी, हाडं आमची. सापडली तर तुझ्या गळ्यात ताईत करून बांधते बघ." सरांनी विमानाचे भाग पाडून दिले होते आणि प्रत्येक भागाला दोन सह्या. पहिल्यानं बघायचं आणि सही करायची. दुसऱ्यानं पहिल्यानं बघितलंच नाही असं समजून बघायचं, मग त्याखाली सही करायची. विमानाच्या जोखमीच्या कामांना सगळीकडं असंच असतं.

शेपटीचा भाग सरांनी स्वतःकडं ठेवला. शेपटी हलवणाऱ्या तारा तिथल्या कप्पीवरून जातात, आणि तिथं काही अडकलं तर वैमानिकाच्या हातात काही राहत नाही. जागा इतकी अरुंद की कंबरेपर्यंत सरपटत आत जावं लागायचं. सर साठीच्या पुढचे. अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा भुवयांना कोळिष्टकं लागली होती.

"काही न्हाई," म्हणाले, आणि म्हातारीच्या वहीत सही केली. मग माझ्याकडं बघून, "आता तू."

मी आत गेलो. बत्ती मारली. कप्पी दिसली, तारा दिसल्या. कप्पीच्या मागं अंधार होता. तिथं हात घालायला खांदा तिरका करावा लागला असता. माझ्या मनात आलं, सरांनी बघितलंय. ज्यांनी बघायचं कसं हे शिकवलं, त्यांच्या मागून पुन्हा हात घालून बघायचं म्हणजे त्यांच्यावर अविश्वासच की. आमच्यात वडीलधाऱ्यांनी मोजलेले पैसे त्यांच्यासमोर पुन्हा मोजत नाहीत. मी थोडा वेळ आत पडून राहिलो, वेळ गेल्यासारखं दिसावं म्हणून. मग बाहेर आलो आणि सरांच्या सहीखाली सही केली.

गोटी सापडली नाही. गुरुवारी संध्याकाळी सरांनी म्हातारीच्या वहीत लिहिलं, 'हत्यार सापडले नाही. विमान उड्डाणास अयोग्य.' दारावर लाल चिठ्ठी लावली. मग आमच्या वह्यांवर सह्या केल्या. माझ्या वहीत त्यांनी वेगळी नोंद केली: 'हरवलेल्या हत्याराच्या जागी नवीन ठेवले. विचारल्यावर सांगितले. शोध पूर्ण केला.'

मुलाखतीत कंपनीच्या माणसांनी माझ्या मार्कांबद्दल काही विचारलंच नाही. ती नोंद वाचली आणि शोध कसा केला ते विचारत राहिले. मी सगळं सांगितलं, कप्पीमागचा अंधार सोडून. माझी निवड झाली. रेश्माचीही झाली.

त्या उन्हाळ्यात सरांनी नोकरी सोडली. डोळ्यांना कमी दिसतंय, म्हणाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी भाषण केलं नाही. संचालकांना फक्त विचारलं, "माझ्या जागी कोण येणार?" अजून कुणी नाही म्हटल्यावर फळ्यावरची हत्यारं कपाटात ठेवून, कुलूप लावून किल्ली त्यांच्या हातात दिली.

मागच्या महिन्यात म्हातारी भंगारात विकली. जागा रिकामी करायची होती, म्हणून आम्हा शेवटच्या वर्षाच्या मुलांना मदतीला बोलावलं. गॅसकटरवाल्यांनी शेपूट कापून उभी केली तेव्हा कप्पीच्या मागून काहीतरी खडखडल्याचा आवाज आला. मी खांदा तिरका करून हात घातला. लगेच लागली. दहा नंबरची गोटी, थोडी गंजलेली. तिच्यावर सरांच्या हातचा, कोरलेला सतरा नंबर.

रेश्मा शेजारीच होती. "सापडली?" तिनं ती हातात घेऊन बघितली. "टाक त्या भंगारात. म्हातारी गेली, सर घरी बसले. कोण विचारतंय आता?"

"माझ्या वहीत लिहिलंय गं, शोध पूर्ण केला म्हणून."

"मग काय झालं? केलाच होतास की."

"न्हाई," मी म्हणालो. "तिथं मी हात घातला नव्हता."

तिनं गोटी माझ्या हातात परत दिली. मग म्हणाली, "सरांना सांगितलंस तर ते लिवल्याबिगर सोडायचे न्हाईत. पंधरा दिवसांवर रुजू व्हायचंय. बघ बाबा."

म्हातारीच्या वह्या रद्दीत निघाल्या होत्या. त्यातली सरांच्या आणि माझ्या सहीची ती एक मी मागून घेतली. आठवडाभर गोटी माझ्या खिशात होती. आप्पांच्या मागाचा आवाज ऐकत झोपायचो आणि काट्याला आज दोरी आहे का, असा विचार करायचो. शेवटी एका दुपारी कंग्राळीला गेलो.

सर परसात मिरच्यांच्या रोपांपाशी बसले होते, काळा चष्मा लावून. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मी गोटी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी बघितली नाही. अंगठ्यानं नंबर चाचपला.

"सतरा," म्हणाले. "कुठं मिळाली?"

येताना बसमध्ये मी बरीच वाक्यं ठरवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "शेपटीत. कप्पीच्या मागं."

"तिथं मी बघितलेलं."

"व्हय सर."

"माझ्या मागनं कोण होतं?"

"मी होतो. पण मी हात घातला न्हाई. तुम्ही बघितलेलं म्हणून."

सरांच्या पत्नीनं चहा आणून ठेवला आणि आमच्याकडं बघून त्या तशाच आत गेल्या. सरांनी गोटी बोटांत फिरवली.

"मला दिसत नव्हतं रं," ते म्हणाले. "वर्षभर उजव्या डोळ्यात धुकं होतं. आत गेलो, तर कप्पी कुठली नि तिची सावली कुठली ते कळंना. म्हणून तर तुला मागनं घातला."

"तुम्ही सांगितलं न्हाईसा."

"व्हय. लाज वाटली. पोरं बाहेर उभी होती." त्यांनी गोटी बाजूला ठेवली. "दिसत नसताना सही केली मी. वही आणलीयस?"

मी पिशवीतून काढली. सरांच्या वर्गात खोडरबर चालत नसे आणि पांढरी शाईही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे आणि शेजारी सही-तारीख. सरांनी वही डोळ्यांजवळ धरली, स्वतःच्या सहीवर रेघ मारली, शेजारी सही केली. मग पेन माझ्याकडं दिलं. मी माझ्या सहीवर मारली. माझी रेघ थोडी वाकडी आली.

"आता तुझी वही."

मला माहीत होतं की ते मागणार. म्हणूनच मी ती आणली होती. त्यांनी 'शोध पूर्ण केला' यावर रेघ मारली आणि सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'शोध अपुरा. प्रथम तपासणी मीही नीट केली नव्हती. विद्यार्थ्याने न विचारता सांगितले.'

"कंपनीत दाखवावी लागंल?"

"पहिल्याच दिवशी, सर."

"मग दाखव," म्हणाले. "चहा घे, निवतोय."

चहा संपवून मी उठलो. मला सोडायला ते रस्त्यापर्यंत आले. बस उभीच होती, सुटायला दोन-चार मिनिटं होती. सरांनी पुढच्या डाव्या चाकापासून फेरी सुरू केली. बुटाचं टोक, वाकून बघणं, मागची जोडचाकं. दाराशी परत आले, काळ्या चष्म्यातून माझ्याकडं बघितलं.

"आता तू."

सगळी गाडी खिडक्यांतून बघत होती. ड्रायव्हर म्हणाला, "आता ह्यो कोण नवीन?" मी फेरी मारली. सरांनी बघितलंच नाही असं समजून बघितलं. मागं जोडचाकांच्या मधे दगड अडकतो, तो उभ्यानं दिसत नाही. म्हणून गुडघ्यावर बसलो आणि दोन चाकांमध्ये मनगटापर्यंत हात घातला. चिखल होता, दगड नव्हता. उजव्या बाजूलाही तसंच केलं.

"काही न्हाई, सर."

"हात घातलास?"

"घातला."

"बस मग." त्यांनी ड्रायव्हरकडं बघून अंगठा वर केला. धावपट्टीवर विमान सोडताना करतात तसा.

मी चढलो. दोन्ही गुडघे आणि उजवा हात चिखलानं भरले होते. शेजारच्या आज्जींनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"काय हरवलं काय रं बाळा तुजं?"

"न्हाई आज्जी."

"मग एवढं वाकून काय बघत होतास?"

"काही हाय का ते."

"हाय का मग?"

"न्हाई."

"बरं झालं," आज्जी म्हणाल्या आणि खिडकीकडं तोंड करून डोळे मिटून घेतले.